छावणीची रसद आणि बाईची संमती



असईच्या 23 सप्टेंबर 1803 च्या लढाईचे वर्णन आमच्या जालना जिल्ह्याच्या इतिहासात तोफांच्या संख्येसह येते. त्यानंतर जालन्यात बसलेली इंग्रज फौजेची छावणी मात्र एका ओळीत आटोपते. परकी फौज मुलखात ठाण मांडते तेव्हा तिच्या गरजा त्या मुलखातलेच कोणीतरी भागवते. धान्य, बैल, वेठबिगार यांचा हिशेब आपण मांडतो, बायकांचा मांडत नाही. छावण्यांतल्या वेश्याव्यवसायाचे ‘नियमन’ आरोग्यासाठी होते, असे अजूनही लिहिले जाते. माझ्या मते ते रसदीचे धोरण होते, आणि याचा पुरावा सरकारच्याच कागदांत आहे.

1864 चा कॅन्टोन्मेंट कायदा आणि 1868 चा सांसर्गिक रोगांचा कायदा यांच्या आधारे गोऱ्या शिपायांकडे जाणाऱ्या बायकांची नोंदणी झाली. ठरावीक मुदतीने सक्तीची तपासणी, गुप्तरोग दिसला की ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये कोंडणे, चुकवले तर दंड किंवा कैद. पुणे, अहमदनगर, कामठी या छावण्या याच राजवटीखालच्या. रोग दोघांचा, पण कायद्याने धरले एकीलाच. ब्रिटिश समाजसुधारक जोसेफिन बटलर यांच्या चळवळीमुळे इंग्लंडमधला असाच कायदा 1886 मध्ये रद्द झाला, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये हिंदुस्थानातल्या फौजेत परिपत्रक निघाले: पलटणीच्या बाजारात बायका पुरेशा असाव्यात, दिसायला बऱ्या असाव्यात, त्यांना नीट घरे द्यावीत. तिथल्या बाईमागे मतदार उभे राहिले, इथल्या बाईमागे कोण होते?

यावर कोणी म्हणेल, धंदा आधीपासूनच होता, बायकांना पैसे मिळत, पकडून कोणी आणले नव्हते. पण संमती म्हणायची तर नकाराची सोय हवी. तपासणी नाकारणारी बाई ज्या कॅन्टोन्मेंट मॅजिस्ट्रेटपुढे उभी राही, तो फौजेचाच अधिकारी असे. त्यात 1876-78 च्या दुष्काळाने दख्खन उपाशी होते. दुसऱ्या महायुद्धात जपानी फौजेने कोरियातल्या स्त्रियांवर लादलेल्या लैंगिक गुलामीचे समर्थनही ‘मोबदला मिळत होता’ असेच केले जाते. सक्ती झाल्याचे जपान सरकारने 1993 मध्ये मान्य केले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. रोग खराच होता आणि शिपाई त्याने खंगत होते. पण फार थोड्या गोऱ्या शिपायांना बायको सोबत ठेवण्याची परवानगी होती, ही मर्यादा फौजेने स्वतःच ठरवलेली. शिवाय कायदा चालू असतानाच 1880 च्या दशकात लागण वाढत गेली. आरोग्य हाच हेतू असता तर अपयशी उपाय कधीच सोडला असता. 1888 मध्ये तो पार्लमेंटच्या दबावाने कागदावर संपला. 1891-92 मध्ये एलिझाबेथ अँड्र्यू आणि डॉ. कॅथरीन बुशनेल या अमेरिकन समाजसुधारकांनी छावण्या पाहिल्या, तर प्रकार चालूच होता. 1893 च्या चौकशीनंतर हिंदुस्थानातल्या फौजेचे सरसेनापती राहिलेल्या लॉर्ड रॉबर्ट्स यांना माफी मागावी लागली.

लॉक हॉस्पिटलांचे वार्षिक अहवाल छापलेले आहेत. मराठवाड्यातल्या छावण्यांवर लिहिणाऱ्यांनी ते वाचावेत, आणि जालन्याच्या छावणीला कोणी काय पुरवले हे लिहिताना बायकांचाही शोध घ्यावा.

— एक वाचक, केदारखेडा (ता. भोकरदन, जि. जालना)