‘छान झालं’ म्हणून गप्प बसू नका

आमच्या तालुक्याच्या गावी दरवर्षी 8 मार्चच्या आधीच्या रविवारी बायकांची गीतरचना स्पर्धा होते. कोरोनाची दोन वर्षं सोडली तर ती कधी चुकलेली नाही. आसपासच्या गावांतल्या बचत गटांच्या, महिला मंडळांच्या, भजनी मंडळांच्या बायका येतात. विषय आधी दिलेला असतो. शब्द स्वतःचे हवेत, चाल कुठलीही चालते, भोंडल्याची, भजनाची, सिनेमाची. एका गटात आठ जणी आणि वेळ चार मिनिटं. पहिल्या वर्षापासून मी तिथे परीक्षक म्हणून बसते. यंदा पहिल्यांदा मला वाटलं, की इतकी वर्षं आपण हे काम चुकीच्या पद्धतीनं केलं. माझ्यासारख्या इतरही मैत्रिणी गावोगावी परीक्षकाच्या खुर्चीत बसत असतील, म्हणून हे लिहिते आहे.

आधी गुणांचं सांगते. आमच्या कागदावर एकूण 100 गुण असतात. विषयाला धरून असण्याचे 40, चाल आणि ठेका 20, शब्द 20, सादरीकरण 20. एवढे चाळीस गुण विषयाला ठेवल्यावर काय होणार? स्वच्छता म्हटलं की प्रत्येक गाण्यात झाडू, व्यसनमुक्ती म्हटलं की प्रत्येक गाण्यात बाटली. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवलेल्या घोषणा ढोलकीवर म्हटल्यासारखं वाटतं. बायका हुशार असतात. गुण कशाला मिळतात हे त्यांना दुसऱ्याच वर्षी कळलं. एका रंगाच्या साड्या आल्या, शेवटच्या कडव्यात पाहुण्यांचं स्वागत आलं. आणि आम्ही तिघे परीक्षक गुण देत राहिलो.

गाणं संपलं की टाळ्या. मग मंडपात जेवताना एकमेकींना ‘छान झालं हं’, ‘मस्त बसवलंय’. खरं काय वाटलं ते परतीच्या एसटीत, आपापल्या गावच्या बायकांत. ते बोलणं मी एकदा मागच्या सीटवरून ऐकलं आहे. चाल कुठे पडली, कुठल्या कडव्यात नुसती भरती होती, कोणती ओळ दुसरीकडून उचलली, सगळं नेमकं. मी कागदावर जे लिहिलं होतं त्याच्या दसपट जाणकार. ते ज्या बायकांना ऐकायला मिळायला हवं होतं त्या दुसऱ्या गाडीत बसल्या होत्या.

म्हणून यंदा आम्ही स्पर्धेच्या आदल्या दिवशी, शनिवारी, शाळेच्या दोन खोल्या मागून घेतल्या. माइक नाही, पाहुणे नाहीत, गुण नाहीत. एका गटानं दुसऱ्या गटापुढे गाणं म्हणायचं आणि ऐकणाऱ्यांनी तीन गोष्टी सांगायच्या. कोणती ओळ मनात राहिली, कुठे लक्ष उडालं आणि कुठे खरं वाटलं नाही. याला आमच्याच दोन कार्यकर्त्यांचा विरोध होता. ‘ताई, बायका कशाबशा घराबाहेर पडतात, पहिल्यांदा चार ओळी जुळवतात, त्यात तुम्ही दोष काढायला लावणार. नाउमेद होतील.’ हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. घरात दिवसभर भाजीच्या मिठापासून पोराच्या मार्कांपर्यंत दोषच ऐकून घेणाऱ्या बाईनं इथेही तेच ऐकायचं का?

पहिला तासभर ‘छान’शिवाय काही निघेना. मग भजनी मंडळातल्या एका वयस्क मावशींनी तोंड उघडलं. पाण्यावरचं गाणं होतं, हंडे, विहीर, टँकर सगळं होतं. मावशी म्हणाल्या, ‘समदं बरं हाय, पर ह्या वळीत श्वास कुटं घ्यायचा? तुम्ही आठजणी हाय म्हून भागतंय. एकलीनं म्हनून बगा.’ त्या गटातल्या एकीनं एकटीनं म्हणून पाहिलं आणि खरंच ओळीच्या अर्ध्यातच दम संपला. सगळ्या हसल्या, तीही हसली. मग ती ओळ तिथल्या तिथे तोडली. ‘टँकर येण्याची वाट पाहतो आम्ही बायका’ असली लांबड काढून टाकली आणि नुसतं ‘टँकर येईना’ ठेवलं. बाकीच्या मात्रा टाळीला सोडून दिल्या. ऐकायला कितीतरी चांगलं झालं. त्यानंतर खोलीतलं बोलणं सैल झालं.

आता मुख्य गोष्ट. यंदाचा विषय ‘लेक वाचवा’ आणि ‘पाणी’ यांपैकी कोणताही एक, असा होता. एका गटानं लेकीचं गाणं केलं होतं. तरुण मुली, बहुतेकींची बारावी झालेली. गाणं ठसक्यात होतं, हलगीही त्यांच्यातलीच एक वाजवत होती. पण ध्रुवपदात ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द होता आणि तो काही केल्या ठेक्यात बसत नव्हता. जोडाक्षरांवर जीभ अडखळायची आणि हलगी पुढे निघून जायची. ऐकणाऱ्या गटातल्या बायका म्हणाल्या, हा शब्द काढा, आमच्या तोंडात बसत नाही. मग काय घालायचं? कुणी म्हणालं, सरळ लिहा, आईनं लेकीला मारू नये. त्या मुलींनी लगेच तसं म्हणून पाहिलं. पोटातली लेक आईला विनवते आहे की मला मारू नकोस. आता मात्र शब्द ठेक्यात अगदी चपखल बसले.

तेव्हा मागे भिंतीला टेकून बसलेली एक बाई उठली. चाळिशीची असेल. ती म्हणाली, ‘मारू नको, हे कुनाला सांगताय? मला दोन येळा नेलं. गाडी कुनी केली, पैसं कुनी भरलं, कागद कुनाच्या खिशात व्हता? मला कुनी इचारलं व्हतं का? आन आता गान्यात मीच मारनार?’ एवढं बोलून ती खाली बसली. खोलीत कुणी काही बोलेना. हलगीवाली मुलगी हलगीच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

माझी मान खाली गेली, कारण काही वर्षांपूर्वी याच विषयावरच्या अशाच एका गाण्याला मी विषयाचे 40 पैकी 38 गुण दिले होते. त्यातही पोटातली लेक होती आणि निर्दय आई होती. शेवटी मुलीच राहिल्या नाहीत तर मुलांना बायका कुठून आणायच्या, असा सवाल होता. मुलगी कशासाठी वाचवायची, तर पुढे कुणाची तरी सून व्हायला! आणि मी तिथे बसून मान डोलावली. तिला स्वतःसाठी जगायचं असेल, हे त्या गाण्यात कुठेच नव्हतं आणि मलाही ते टोचलं नव्हतं.

हा वाद आपल्या चळवळीला नवा नाही. गर्भलिंग तपासणीविरुद्धचा लढा मुंबईतल्या स्त्री-संघटनांनी, आरोग्य कार्यकर्त्यांनी 1980च्या दशकात उभा केला आणि देशात पहिला कायदा महाराष्ट्रानं 1988 साली केला. केंद्राचा कायदा 1994चा. तेव्हाही आपल्यातल्या कितीतरी जणी सांगत होत्या की आपला विरोध लिंगनिवडीला आहे, गर्भपाताला नाही. ‘हत्या’ म्हटलं की गर्भपात करणारी प्रत्येक बाई खुनी ठरते. 1971च्या कायद्यानं ठरावीक अटींवर का होईना, पण दिलेला सुरक्षित गर्भपाताचा हक्क आपणच आपल्या घोषणेनं पुसून टाकतो. पण पोस्टर छापणाऱ्यांना ‘गर्भलिंग निवड’ हा शब्द मवाळ वाटला, ‘हत्या’ जोरकस वाटला.

त्याचा परिणाम बायकांनी भोगला. 2011च्या जनगणनेत महाराष्ट्रातलं सहा वर्षांखालच्या मुलींचं प्रमाण दर हजार मुलांमागे 894 निघालं. 1991 साली ते 946 होतं, 2001 साली 913. घसरण खरीच होती, भयानक होती. 2012 साली परळीत गर्भपात करताना एका बाईचा जीव गेला आणि सगळीकडे धावपळ सुरू झाली. धाडी पडल्या, रजिस्टरं तपासली गेली. ते हवंच होतं. पण त्याच रेट्यात बऱ्याच औषध दुकानांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणं बंद केलं. या गोळ्या सुरुवातीच्या आठवड्यांतच देतात, तेव्हा सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे कळतसुद्धा नाही. ज्या बाईला चौथं मूल नको होतं, जिच्यावर बळजबरी झाली होती, तिला ‘इथे हे करत नाही’ म्हणून परत पाठवलं गेलं.

आणि गंमत अशी, की कायदा आपल्या गाण्यापेक्षा शहाणा आहे. 1994चा कायदा न्यायालयाला सांगतो की उलट सिद्ध होईपर्यंत त्या बाईवर नवऱ्यानं किंवा नातेवाइकांनी सक्ती केली असंच गृहीत धरा. कायदा करणाऱ्यांनाही दिसलं होतं की कागद कुणाच्या खिशात असतो. मी हा कायदा शिबिरांतून शिकवते. तरीही परीक्षकाच्या खुर्चीत बसल्यावर माझ्या डोक्यात तो आला नाही. त्या खोलीत तो आणला तो कधी गाणं न रचलेल्या बाईनं, आणि तेही ‘कुठे खरं वाटलं नाही’ असं कुणीतरी एकदा विचारलं म्हणून.

पुढे काय झालं तेही सांगते. ते सरळ झालं नाही. त्या मुली रुसल्या. त्यांच्यातली एक म्हणाली, ‘आम्ही आठ दिवस बसवलं, आता रात्रीत काय बदलणार? आणि आम्हाला त्या मावशींना म्हणायचंच नव्हतं.’ तिचं म्हणणंही खोटं नव्हतं. आमच्या एका शिकलेल्या मैत्रिणीनं लगेच वही काढली आणि नवं कडवं लिहून द्यायला बसली. शुद्ध, प्रमाण भाषेत, ‘पितृसत्ता’ या शब्दासकट! मी तिला थांबवलं. आपली ही जुनी खोड आहे. बायकांनी रचायचं आणि आपण सुधारून द्यायचं. ‘इचारलं’चं ‘विचारलं’ करायचं आणि मग त्यातला राग कुठे गेला म्हणून शोधत बसायचं. माझ्या मते, ऐकणारीनं इथे खुपतं एवढंच सांगावं. औषध काय घालायचं ते रचणारीनं ठरवावं. रचणारीनं काहीच बदललं नाही तरी तो तिचा अधिकार आहे.

एकमेकींच्या शब्दांची अशी पारख करणं आपल्याला परकं आहे, हेही मला पटत नाही. जात्याच्या एकाच खुंट्याला दोघींचे हात असायचे. एकीनं ओवी म्हणायची, दुसरीनं ती उचलायची. उचलावीशी वाटली नाही तर ती तिथेच पिठात पडायची. जी घरोघरी गेली ती कितीजणींच्या तोंडून घासून गेली असेल! हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून अशा लाखावर ओव्या जमवल्या. त्यांत सासर आहे, मार आहे, भावाची वाट पाहणं आहे आणि सीतेच्या वनवासावरून रामाला दिलेला दोषही आहे. तिथे विषय कुणी दिला नव्हता आणि गुणही. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, पण कुणी परीक्षक नव्हता म्हणून त्यांचं काही अडलं नाही. हं, गाणी टिकली ती मुलानं आणि नातेवाइकांनी लिहून ठेवली म्हणून आणि पुस्तक निघालं ते त्या गेल्यानंतर, 1952 साली. ते दुखणं वेगळं.

नाउमेदीचा मुद्दा राहिला. शनिवारी आलेल्या चौदा गटांपैकी एक गट रविवारी गायला नाही. त्यांच्या चालीवर कुणीतरी फाडकन ‘ही तर लग्नाच्या बँडची’ म्हटलं होतं. त्या बायकांना मी नंतर जाऊन भेटले. पुढच्या वर्षी बघू, म्हणाल्या. म्हणजे विरोध करणाऱ्या मैत्रिणींचं भय अगदीच खोटं नाही. कसं बोलावं हे आपल्याला शिकावं लागेल आणि आधी ‘मनात काय राहिलं’ ते सांगायचा नियम मोडू द्यायचा नाही. पण उरलेले तेरा गट गायले आणि त्यांतल्या निम्म्या गटांनी रात्रीत काहीतरी बदललं होतं. बाईला दुखेल म्हणून तिच्याशी खरं न बोलणं, यात माया असते तशी थोडी कीवही असते. पुरुष शाहिरांच्या फडात कुणी अशी कीव करत नाही. सवाल टाकतात आणि जबाब मागतात.

रविवारी त्या मुलींनी लेकीचं गाणं म्हटलं. ध्रुवपदात आता आई नव्हती. कागद कुणाच्या खिशात, असा सवाल होता आणि तो शब्द त्यांनी त्या बाईकडून रात्री घरी जाऊन मागून आणला होता, हे मला नंतर कळलं. एक कडवं त्यांना पुरं करता आलं नाही, तिथे नुसती हलगी वाजली. बक्षीस पाण्याच्या गाण्याला गेलं. लेकीच्या गाण्याला माझ्या शेजारच्या परीक्षकांनी विषयाला सोडून आहे म्हणून 40 पैकी 15 दिले. मी भांडले, पण बेरीज बदलली नाही.

पुढच्या वर्षाच्या कागदावरून विषयाचे गुण काढून टाकावेत आणि शनिवारची बैठक दोन दिवसांची करावी, असा अर्ज मी आयोजकांकडे दिला आहे. शिवाय गाण्याच्या वहीवर मंडळाच्या नावाखाली रचणाऱ्या प्रत्येकीचं नाव घालावं, असंही त्यात लिहिलं आहे. अजून उत्तर आलेलं नाही. ते अर्धं राहिलेलं कडवं मात्र, हलगीवाली परवा बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, झालं आहे. ऐकवायला पुढच्या मंगळवारी बोलावलं आहे, आणि ती मावशीही येणार आहे.