नोंद नाही म्हणून निर्धास्त राहू नका

दिल्लीच्या द्वारकेतल्या मराठी बंधुभगिनींनो,

२३ नोव्हेंबर २०२५ रोजी इथिओपियाच्या अफार भागातला हायली गुब्बी ज्वालामुखी फुटला. राख सुमारे १४ किलोमीटर उंच उसळली आणि तांबडा समुद्र, येमेन, ओमान ओलांडून दुसऱ्या दिवशी रात्री दिल्लीच्या आकाशात पोहोचली. हे अंतर सुमारे चार हजार किलोमीटर आहे. राख उंचावरूनच चीनकडे सरकली, त्यामुळे आपल्या गच्च्यांना काही झाले नाही. आपल्या शेजारच्या विमानतळावरची काही उड्डाणे मात्र रद्द झाली. राखेतले काचेसारखे कण जेट इंजिनात वितळतात आणि आतल्या भागांवर थिजून बसतात. १९८२ साली इंडोनेशियातल्या गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची चारही इंजिने बंद पडली होती. ती पुन्हा सुरू झाली म्हणून प्रवासी वाचले. तेव्हा राखेमुळे उड्डाण रद्द झाले, तर काउंटरवरच्या माणसाशी भांडू नका. घरातून निघण्यापूर्वी विमान कंपनीचा संदेश पाहा.

मला खरे सांगायचे आहे ते याच्या पुढचे. हायली गुब्बीच्या गेल्या सुमारे १२,००० वर्षांतल्या एकाही उद्रेकाची माहिती नव्हती. अशा डोंगराचा धोका ओळखायचा कसा? रुग्णाचे जुने रिपोर्ट नसले की डॉक्टर आई-वडिलांची, भावंडांची दुखणी विचारतात. शास्त्रज्ञही तसेच करतात. लाव्हारस कोणत्या प्रकारचा, डोंगराची ठेवण कशी, भूगर्भाची रचना कोणती, तो किती काळ शांत होता, हे पाहून त्याच्यासारखे इतर ज्वालामुखी निवडतात आणि ते कसे वागले ते तपासतात.

निवड मात्र नीट हवी. हायली गुब्बीच्या शेजारी एर्टा अले आहे, तिथल्या लाव्हाच्या तळ्यासाठी प्रसिद्ध. दोघेही पसरट ढालीसारखे. केवळ त्याच्याकडे पाहिले असते तर वाटले असते, इथून फार तर लाव्हा वाहील. पण त्याच अफार पट्ट्यात, एरिट्रियातला नाब्रो २०११ च्या जूनमध्ये फुटला होता. त्याच्याही आधीच्या उद्रेकाची इतिहासात नोंद नव्हती, आणि त्याच्या राखेनेही विमानवाहतूक विस्कळीत झाली होती. म्हणून एका नमुन्यावर विसंबू नये. चार-पाच पाहावेत आणि त्यांतल्या सर्वांत वाईट शक्यतेचीही तयारी ठेवावी.

हीच रीत आपल्या इमारतींना लावा. १७ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे धौला कुआँजवळ ४.० तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा दिल्लीकर घाबरून खाली धावले आणि थोड्याच दिवसांत सारे विसरले. ‘इथे आजवर मोठे काही झाले नाही’ हे वाक्य मी सोसायटीच्या बैठकांत वारंवार ऐकतो. ३० सप्टेंबर १९९३ पूर्वी किल्लारीचा परिसरही भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. त्या पहाटे हजारो माणसे झोपेतच दगड-मातीखाली गेली. दिल्ली तर २०१६ च्या भूकंपविषयक बांधकाम संहितेनुसार चौथ्या, म्हणजे जास्त धोक्याच्या विभागात आहे.

आपल्यासारखी शहरे पाहा. २६ जानेवारी २००१ चा भूकंप कच्छमध्ये झाला, पण दोनशेहून अधिक किलोमीटर दूर, नदीच्या गाळावर वसलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांत खाली गाड्यांसाठी नुसत्या खांबांवर मोकळा मजला सोडलेल्या इमारती बऱ्याच होत्या. १९८५ च्या भूकंपात मेक्सिको सिटीत, केंद्रापासून साडेतीनशे किलोमीटरांवर, जुन्या तळ्याच्या मऊ मातीने हादरे वाढवले. द्वारकेची जमीनही गाळाची आहे, कित्येक सोसायट्यांत खाली तसेच पार्किंग आहे आणि हिमालय काही फार दूर नाही. ही शहरे आणि द्वारका तंतोतंत सारखी नाहीत, पण सावध होण्याइतके साम्य नक्की आहे.

म्हणून विनंती करतो. पुढच्या सर्वसाधारण सभेत स्ट्रक्चरल ऑडिटचा ठराव मांडा आणि पात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घ्या. इमारतीचे मूळ नकाशे शोधून ठेवा. खालच्या मजल्यावरचे खांब, गंजून उघड्या पडलेल्या सळया, पाणी मुरलेले कोपरे आधी दाखवा. ‘खर्च कशाला?’ असे कोणी विचारले तर त्याला अहमदाबादची हकीकत सांगा. घरात जड कपाटे भिंतीला घट्ट बसवा, आणि हादरा बसला की मजबूत टेबलाखाली शिरून डोके झाकायचे, लिफ्टकडे धावायचे नाही, हे मुलांकडून आणि आजी-आजोबांकडून करवून घ्या.

भूकंपाची तारीख कोणी सांगत असेल तर तो निरोप पुढे पाठवू नका. ती तारीख कोणालाच सांगता येत नाही. तयारी मात्र आजच करता येते. ठरावाचा मसुदा या रविवारी लिहायला घ्या.