राजापूरची वखार आणि आजचे नागरिकत्व

नाट्याच्या यशवंतगडाखालून, जैतापूरच्या खाडीतून एकेकाळी गलबते राजापूरला जात. तेथे इंग्रजांची वखार होती. व्यापारासाठी आलेल्या या टोपीकरांनी १६६० साली सिद्दी जौहरच्या बाजूने, स्वतःचे निशाण फडकावून, पन्हाळ्यावर तोफा डागल्या. पुढच्याच वर्षी शिवछत्रपतींनी ती वखार लुटून गोऱ्या व्यापाऱ्यांना कैदेत घातले. त्यांचे मद्यपान वा घरगुती वर्तन हा काही आरोप नव्हता. व्यापारी म्हणून येऊन दगा केला, हाच आरोप होता.

हे आठवण्याचे कारण अमेरिका. नागरिकत्व रद्द करण्याच्या दाव्यांना अग्रक्रम द्या, असे तेथील न्याय खात्याने जून २०२५ मध्ये आपल्या वकिलांना लेखी कळविले. तेथे नागरिकत्वाचा अर्जदार सच्छील असावा लागतो. तो तसा नव्हता असे मागाहून सिद्ध झाल्यास मिळालेले नागरिकत्वही जाऊ शकते. ज्यांची मुले-नातवंडे तिकडे स्थायिक आहेत, अशा मराठी घरांनी याची नोंद घ्यावी. खोटे नाव सांगणाऱ्याची वा गुन्हा दडविणाऱ्याची आम्हांला दया नाही. पण शील मोजणार कोण? लॉस एंजेलिसचे वकील सखाराम गणेश पंडित १९१४ साली रीतसर अमेरिकन नागरिक झाले. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात हिंदू माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नव्हे, असा निकाल लागताच सरकार पंडितांचे नागरिकत्व काढून घ्यायला निघाले. पंडित स्वतः कायदेपंडित, म्हणून लढले आणि १९२६ साली अपिलातही जिंकले. इतर अनेकांचे नागरिकत्व गेले. तेव्हा रंग नडला, उद्या शील नडेल.

आपला १९५५ चा कायदा येथे अधिक शहाणा आहे. परकीयाला नागरिक करून घेताना तोही सच्छीलता मागतो; परंतु काढून घेण्याची कारणे कलम १० मध्ये मोजून दिली आहेत : लबाडी, राज्यघटनेशी द्रोह, युद्धकाळी शत्रूशी व्यवहार, पाच वर्षांच्या आत दोन वर्षांची कैद, सलग सात वर्षे परदेशी वास्तव्य. मोघम शीलाला तेथे थारा नाही.

अंमलबजावणीचे काय? जर्मन नागरिक असलेल्या चेन्नमनेनी रमेश यांनी २००९ मध्ये भारतीय नागरिकत्व मिळविले. अर्जापूर्वीच्या बारा महिन्यांतील परदेश-प्रवास दडविल्याचा ठपका ठेवून गृह मंत्रालयाने ते २०१७ मध्ये रद्द केले, न्यायालयाने प्रकरण फेरविचारास धाडले, २०१९ मध्ये ते पुन्हा रद्द झाले. तेलंगण उच्च न्यायालयाने त्यांना जर्मन नागरिक ठरवून ३० लाखांचा भुर्दंड बसविला, तो डिसेंबर २०२४ मध्ये! दरम्यान हे गृहस्थ वेमुलवाड्याहून चार वेळा आमदार झाले. महाराष्ट्राचे माजी राज्यपाल विद्यासागर राव त्यांचे चुलते. म्हणून आम्ही लेखणी आखडती घ्यावी काय? परकीय नागरिक विधानसभेत बसून कायदे करतो आणि फायली या खात्यातून त्या न्यायालयात फिरत राहतात!

कलम १० खालील चौकशी एका वर्षात संपलीच पाहिजे, अशी मुदत कायद्यातच घालण्याची दुरुस्ती संसदेत मांडावयास आमच्या कोकणच्या खासदारांना अडचण कोणती?