कल्याणचा लोहार आणि अथेन्सचा पाथरवट

ग्रीक, रोमन, चिनी असे शब्द कानी पडले की आमचा शेतकरी किंवा सुतार बंधू म्हणतो, "हे शिकल्यासवरल्या लोकांचे पुराण; आमच्या नांगराशी नि वाकसाशी त्याचा संबंध काय?" संबंध आहे, आणि तो कल्याणच्या खाडीतच सापडतो.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात मिसर देशातील एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची वही लिहिली. तीस 'पेरिप्लस' म्हणतात. तीत सोपाऱ्यापुढे 'कलिएना', म्हणजे आपले कल्याण, याचे नाव आहे. थोरल्या सातकर्णी राजाच्या वेळी हे रीतसर बंदर होते; पुढे दुसऱ्या सत्तेने ते अडविले आणि तेथे लागलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचेस नेली जाऊ लागली, असे तो लिहितो. राजेलोकांच्या झटापटीत बंदर बसले तेव्हा नावाड्यांच्या नि हमालांच्या चुलींचे काय झाले, हे वहीत नाही. वह्या व्यापारी लिहितात! तेर येथून जाडेभरडे कापड नि मलमल गाड्यांतून भडोचेस जाई, हेही त्याने नोंदले आहे. तो कापूस कुणब्याने पिकविला होता आणि साळ्याने विणला होता. तिकडे रोमचा प्लिनी कुरकुरत होता की हिंदुस्थान दरसाल आमची ५ कोटी नाणी ओढून नेतो.

त्या ग्रीक व्यापाऱ्याच्या वहीवर त्याचे नाव नाही. आमच्या लोहाराचे नाव मात्र आहे, आणि दगडात आहे. साष्टीतल्या कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराने वाट बांधून दिल्याचा लेख आहे. कल्याणच्याच स्वामिदत्त सोनाराने पाण्याचे टाके दिले, तोही लेख आहे. भाषा संस्कृत नव्हे, लोकांची प्राकृत. धंदा लपविलेला नाही. नावाला लागूनच 'कमार', 'सुवणकार' असे कोरले आहे. भट्टीपुढे घाम गाळणाऱ्याने बौद्ध भिक्षूंस वाट बांधून द्यावी, आणि त्याचे नाव व गाव सर्वांस वाचता यावे म्हणून खडकात कोरले जावे, याला आम्ही मोठी गोष्ट समजतो. आमच्या किती मुलांना ही नावे शाळेत कळतात? शिकंदर बादशहा मात्र पाठ असतो.

असो. त्या परक्या देशांतले मोठे लोक तरी कोण होते? अथेन्सचा सॉक्रेटीस पाथरवटाचा पोर, आई सुईण. बाजारात उभा राहून तो मोठमोठ्यांस साधे प्रश्न विचारी. त्यासाठी इसवी सनापूर्वी ३९९ साली त्यास विष घ्यावे लागले. रोममध्ये नावाजलेला एपिक्टेटस गुलाम म्हणून जन्मला. चीनचा कन्फ्यूशिअस म्हणे की शिकविताना उच्चनीच पाहू नये. सुक्या मांसाची जुडी गुरुदक्षिणा आणणाऱ्यासही त्याने परत धाडले नाही. आपल्याकडे विद्येच्या दारावर शतकानुशतके कोण उभे होते ते वाचकांस सांगणे नको. त्याच चीनमधून ह्युएनत्संग सातव्या शतकात महाराष्ट्रात आला आणि येथील लोक साधे, मानी, उपकार न विसरणारे असे लिहून गेला.

पण परका म्हणून कोणास देव्हाऱ्यात बसवू नये. ॲरिस्टॉटल एवढा पंडित. गुलामास तो जिवंत हत्यार म्हणतो, आणि उत्तम नगरात कारागिरास नागरिक करू नये असा त्याचा निवाडा! ज्यांच्या हातोडीवर नगर उभे, त्यांनाच कारभारात जागा नाही. हे ऐकून आमच्या वाचकांस घरचेच कोणी बोलत आहे असे वाटल्यास नवल नाही. सॉक्रेटीस घ्यावा, ॲरिस्टॉटलचे हे मत टाकावे. निवड करण्याइतकी अक्कल आपल्यापाशी आहे.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या शाळांनी सहल काढताना मुलांस बागा नि पाळणेच दाखवू नयेत, एकदा कान्हेरीस न्यावे. अक्षरे ब्राह्मी आहेत, मुलांस वाचता येणार नाहीत. गुरुजींनी आधी लेख समजून घ्यावेत, मुलांस त्या खडकापुढे उभे करावे आणि सांगावे की हा आपल्या कल्याणचा लोहार, आणि ही वाट त्याने दिली.