घोटभर पाण्याचा दाटपणा

पक्षाघात, पार्किन्सनचा आजार किंवा स्मृतिभ्रंश असलेल्या ज्येष्ठांच्या घरी एक अनुभव वारंवार येतो. मऊ भाताचा घास सुरळीत उतरतो. साध्या पाण्याच्या घोटाने मात्र जोराचा ठसका लागतो. गिळताना श्वासनलिकेचे तोंड क्षणभर झाकले जाते. आजारामुळे ही हालचाल मंदावली, की पातळ पाणी त्याआधीच घशात पोहोचते आणि श्वासमार्गात शिरते. त्यातून न्यूमोनिया उद्भवू शकतो. पाणी किंचित दाट केले, तर ते सावकाश सरकते व घशाला उसंत मिळते. म्हणूनच अशा रुग्णांना पेये दाट करून देण्याचा सल्ला दिला जातो.

दाटपणा आणणारे पदार्थ मुख्यतः दोन प्रकारचे. पहिला स्टार्चचा, म्हणजे मक्याच्या पिठासारख्या पदार्थांचा. लाळेतील अमायलेज हे विकर स्टार्चचे विघटन करते. त्यामुळे असे पेय तोंडात पुन्हा पातळ होऊ लागते. उष्टा चमचा पेल्यात बुडाला, तरी तोच परिणाम होतो. दुसरा प्रकार डिंकांचा. गवारीच्या बियांपासून मिळणारा ग्वार गम हा वनस्पतिजन्य तंतू, तर झॅन्थन गम जिवाणूंच्या साहाय्याने किण्वन करून तयार होतो. लाळेतील अमायलेजचा या दोहोंवर परिणाम होत नाही, त्यामुळे पेयाचा दाटपणा तोंडातही टिकून राहतो.

येथे एक शंका स्वाभाविक आहे. इसबगोलही पाण्यात फुगतो, मग तो का वापरू नये? इसबगोल आणि ग्वार गम हे दोन्ही पाणी शोषून फुगणारे तंतू आहेत, परंतु फुगण्याचा वेग आणि स्थान यांवर सारे अवलंबून असते. इसबगोलाचा दाटपणा मिनिटागणिक वाढत जातो, त्याच्या गुठळ्या होतात आणि पाणी अपुरे पडल्यास तो अन्ननलिकेतच फुगून अडकू शकतो. गिळण्यास त्रास असणाऱ्यांनी तो घेऊ नये, अशी सूचना यासाठीच दिली जाते. ग्वार गमही कोरड्या गोळीच्या रूपात निर्धोक नाही. वजन घटवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या त्याच्या गोळ्या अन्ननलिकेत अडकल्याने 1990 साली अमेरिकेत त्यांवर कारवाई झाली होती. तात्पर्य, पदार्थ वनस्पतिजन्य आहे म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही.

दाटपणा किती असावा, हे अंदाजाने ठरवू नये. आंतरराष्ट्रीय आयडीडीएसआय पद्धतीत पेयांसाठी 0 ते 4 अशा पातळ्या आहेत. त्या तपासण्यासाठी 10 मिलीची सिरिंज सुईविना वापरतात. तिचे तोंड बोटाने बंद करून 10 मिलीपर्यंत पेय भरावे, बोट काढावे आणि 10 सेकंदांनी पुन्हा बंद करावे. आत 1 ते 4 मिली उरले तर पातळी 1, 4 ते 8 मिली उरले तर पातळी 2, त्याहून अधिक उरले तर पातळी 3. काहीच वाहिले नाही तर पातळी 4. सिरिंजच्या नळीवरील 0 ते 10 मिलीच्या खुणांमधील लांबी 61.5 मिलिमीटर असावी. आपल्या रुग्णासाठी योग्य पातळी मात्र स्पीच थेरपिस्ट किंवा डॉक्टरांनीच ठरवावी.

बद्धकोष्ठाच्या औषधाबाबतही सावध राहावे. पॉलिइथिलीन ग्लायकॉल असलेले रेचक स्टार्चने दाट केलेल्या पेयात मिसळल्यास ते पेय पाण्यासारखे पातळ होऊ शकते. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने 2021 मध्ये याविषयी इशारा दिला. रुग्ण पेये दाट करून घेतो, हे डॉक्टरांना व औषधविक्रेत्याला आवर्जून सांगावे.

दाट पेयांची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. स्मृतिभ्रंश वा पार्किन्सनच्या 515 रुग्णांवर अमेरिकेत झालेला एक अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. एका गटाला दाट पेये दिली गेली, तर दुसऱ्या गटाने हनुवटी छातीकडे झुकवून साधी पेये घेतली. न्यूमोनियाच्या प्रमाणात ठळक फरक आढळला नाही. शरीरातील पाणी कमी होण्याचे प्रमाण मात्र दाट पेये घेणाऱ्यांत 6 टक्के, तर दुसऱ्या गटात 2 टक्के होते. दाट पाण्याने तहान भागल्यासारखी वाटत नाही आणि ज्येष्ठ ते टाळू लागतात.

यास्तव काळजीवाहकांनी दिवसभरात पोटात गेलेल्या पेयांची नोंद ठेवावी. लघवी गडद होणे, तोंड कोरडे पडणे, नवी सुस्ती किंवा गोंधळ दिसल्यास डॉक्टरांना कळवावे. प्रत्येक रुग्णाला ठसका लागतोच असे नाही. पाणी प्याल्यावर आवाज घोगरा, ओलसर येणे आणि वारंवार ताप येणे ही लक्षणेही तितकीच महत्त्वाची. काही आठवड्यांनी गिळण्याची फेरतपासणी करून घ्यावी. पक्षाघातानंतर अनेकांची गिळण्याची शक्ती सुधारते. तसे झाल्यास तज्ज्ञांच्या सल्ल्याने दाटपणा कमी करता येतो, आणि ज्येष्ठांना साध्या पाण्याचा घोट पुन्हा घेता येतो.