प्रवाळांच्या टाकीचा उन्हाळा

उन्हाळा सुरू झाला की घरात माठ येतो, खिडकीला वाळ्याचा पडदा लागतो, दुपारी माणसे पंख्याखाली आडवी होतात. काचेच्या टाकीतल्या जिवांना मात्र जागा बदलता येत नाही. त्यांची काळजी आपल्यालाच घ्यावी लागते.

गोड्या पाण्यातला गप्पी किंवा मोली थोडाफार उकाडा सोसतो. खाऱ्या पाण्यातले मासे आणि जिवंत प्रवाळ ठेवलेली टाकी त्या मानाने फार नाजूक. तिचे पाणी २४ ते २७ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहावे. ३० अंशांच्या वर ते टिकून राहिले, तर धोका सुरू होतो.

उष्णता काय करते?

पाणी तापले की त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो. खाऱ्या पाण्यात तो मुळातच गोड्या पाण्यापेक्षा कमी मावतो. उलट उष्णतेने माशांचा श्वास वाढतो, म्हणजे गरज वाढते आणि पुरवठा घटतो. मासे पृष्ठभागाशी येऊन भराभर कल्ले हलवू लागले, तर ती धोक्याची पहिली सूचना समजावी.

प्रवाळांची अडचण वेगळी. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. प्रवाळाचा रंग आणि बरेचसे अन्न त्याच्याकडून मिळते. पाणी फार तापले की प्रवाळ हे शैवाल गमावतात आणि पांढरे पडतात. लक्षद्वीपच्या समुद्रात १९९८, २०१० आणि २०१६ साली हेच मोठ्या प्रमाणावर घडले. अथांग समुद्रात जे होते, ते शंभर लिटरच्या टाकीत व्हायला फार दिवस लागत नाहीत.

आधी उष्णता कमी करा

टाकीवर ऊन येत असेल, तर खिडकीला जाड पडदा लावावा. टाकीचे दिवे भर दुपारी लावू नयेत. संध्याकाळी लावून रात्री उशिरा बंद केले तरी प्रवाळांना चालते. दिव्यांचे तास तेवढेच ठेवावेत. जुन्या पद्धतीचे तापणारे दिवे असतील, तर त्याजागी एलईडी लावावेत. पाण्यात बुडालेला पंपही पाणी तापवतो, म्हणून गरजेपेक्षा मोठा पंप नको. वरचे काचेचे झाकण काढून बारीक जाळी बसवावी. जाळी हवीच, कारण मासे उडी मारतात.

माठाची युक्ती

माठातले पाणी थंड होते, कारण पाझरलेले पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जाते. टाकीच्या पृष्ठभागावर तिरका वारा घालणारा छोटा पंखा हेच काम करतो. एक लिटर पाण्याची वाफ होताना जेवढी उष्णता जाते, तेवढी काढायला एक लिटरच्या पाच बाटल्या भरून बर्फ लागेल. पंख्याने पाणी सहज दोन-तीन अंशांनी उतरते.

मात्र माठ नागपूर, इंदूर, दिल्लीच्या कोरड्या हवेत जेवढा गार होतो, तेवढा मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत होत नाही. पंख्याचेही तसेच. किनाऱ्यावरच्या वाचकांनी केवळ पंख्यावर विसंबू नये. टाकीच्या खोलीत वातानुकूलन किंवा टाकीला चिलर, यांपैकी एकाची सोय पाहावी. चिलर बंद कपाटात ठेवू नये. त्याने बाहेर टाकलेली गरम हवा तिथेच कोंडते.

वाफ होते ती फक्त गोड्या पाण्याची. मीठ टाकीतच राहते. म्हणून कमी झालेले पाणी भरताना खारे पाणी घालू नये. काचेवर पातळीची खूण करून रोज सकाळी आरओचे गोडे पाणी थोडे थोडे घालावे. पंखा लावल्यावर पाणी नेहमीपेक्षा जास्त आटते, तेव्हा एक दिवसही चुकवू नये.

बर्फ केवळ अडचणीपुरता

बर्फ थेट टाकीत टाकू नये. वितळून तो पाणी गोडे करतो. लेबल काढलेली स्वच्छ बाटली पाऊण भरून, घट्ट बंद करून गोठवावी आणि टाकीत तरंगत ठेवावी. शंभर लिटर पाणी एक लिटर बर्फाने जेमतेम एक अंश उतरते. तेवढेच बरे, कारण तासाला एक अंशापेक्षा वेगाने पाणी गार करू नये. दिवसभर तापणारे आणि रात्री एकदम गार होणारे पाणी जिवांना फार त्रास देते.

वीज गेली तर

अशा वेळी पाणी तापण्याआधी प्राणवायू संपतो. बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप घरात असू द्यावा. इन्व्हर्टर असेल, तर त्यावर पाणी फिरवणारा पंप घ्यावा. दिवे बंद राहिले तरी चालतील. काहीच नसेल, तर दर दहा मिनिटांनी मगभर पाणी काढून वरून धार धरावी. त्या दिवशी माशांना खाणे घालू नये.

सुट्टीत गावी जाताना

मे महिन्यात घराला कुलूप लावून निघण्याआधी शेजाऱ्यांना तीनच गोष्टी कागदावर लिहून द्याव्यात: थर्मामीटर किती दाखवतो तेव्हा बाटली सोडायची, पाणी कोणत्या खुणेपर्यंत भरायचे आणि वीज गेल्यास काय करायचे. खाण्याच्या रोजच्या पुड्या बांधून ठेवाव्यात. मायेपोटी जास्त घातलेले अन्न कुजते आणि उरलासुरला प्राणवायू खाते. पंखा आणि पंप अर्थिंग असलेल्या प्लगलाच जोडावेत. वायरला प्लगच्या खाली झोळ ठेवावा, म्हणजे ओघळलेले खारे पाणी प्लगपर्यंत जात नाही.

एक गोष्ट कायद्याची. कठीण प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. मालवणच्या किंवा कच्छच्या समुद्रातून तुकडा उचलून आणणे गुन्हा आहे. दुकानातून प्रवाळ घेतानाही आयातीची कागदपत्रे मागावीत.

ही सारी तयारी होळीनंतर लगेच करावी. थर्मामीटर आजच लावा आणि दुपारी तीनला व पहाटे सहाला आठवडाभर आकडे टिपा. दोन आकड्यांतले अंतर दोन अंशांपेक्षा जास्त दिसले, तर पंखा आणायला मे महिन्याची वाट पाहू नका.