दुसरी खुर्ची

"मामा, पीएस-फाइव्ह घेऊ की पीसी?" भाचीने दहावीच्या सुट्टीत विचारलं. आजोबांनी बक्षिसाचे पैसे देऊ केले होते. मी लगेच म्हणालो, पीसी. त्या उत्तराने पुढे दोन दिवस माझी पाठ सोडली नाही.

आमच्याकडे कॉम्प्युटर आला २००४ साली, बाबांच्या एमएस-सीआयटीच्या निमित्ताने. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, आणि सरकारी नोकरीत ते प्रमाणपत्र लागू लागलं होतं. २००१ मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासक्रमाचं बोट धरून महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत कॉम्प्युटर शिरला. आमचा असेंबल केलेला पेन्टियम फोर होता, पतपेढीच्या कर्जावर घेतलेला. महिन्याभरात त्यावर 'व्हाइस सिटी' सुरू झालं. कॉम्प्युटर अभ्यासाचा होता, म्हणून तो मागता आला. टीव्हीला जोडायचा गेम म्हणजे उघड उघड खेळ, आणि त्यासाठी हजारो रुपये मागण्याची आमची छाती नव्हती. प्लेस्टेशन थ्री २००७ मध्ये भारतात आला तेव्हा त्याची किंमत होती ३९,९९० रुपये. शिक्षकाच्या घरात तो आकडा कोणी उच्चारलाही नाही.

गंमत म्हणजे त्याच काळात अमेरिका-युरोपात पीसी गेमिंग संपल्याची चर्चा जोरात होती. दुकानांतली पीसीची फळी आक्रसत होती. 'गिअर्स ऑफ वॉर' २००६ मध्ये एक्सबॉक्स ३६० वर आला, पीसीवाल्यांना वर्षभर थांबावं लागलं. 'क्रायसिस'सारखा खास पीसीसाठी घडवलेला गेम करणारी क्रायटेक कंपनीही पुढच्या भागात कन्सोलकडे वळली. आमच्या गावात ही बातमी पोचलीच नाही. तिथे सायबर कॅफेत शाळा सुटल्यावर काउंटर-स्ट्राइकसाठी नंबर लागत होते.

माझं पीसीवर प्रेम जडलं ते मात्र त्याच्या पोटात हात घालता येतो म्हणून. डिस्प्ले आला नाही की कॅबिनेटची बाजू उघडायची, रॅम काढायची, तिचे सोनेरी दात खोडरबराने घासायचे आणि पुन्हा टक्कन आवाज येईपर्यंत बसवायची. दहातल्या आठ वेळा पडदा उजळायचा. १२८ एमबीची २५६ झाली. दिवाळीच्या पैशातून जुनं ग्राफिक्स कार्ड आलं. भारनियमनाच्या दिवसांत यूपीएस किती मिनिटं तग धरतो याचं गणित तोंडपाठ झालं. एकेक भाग जोडत वाढवलेलं ते यंत्र आमचं होतं, आणि कुठल्याही सीलबंद डब्याबद्दल मला आजवर तसं वाटलेलं नाही.

पीसी पुन्हा सावरला तो मुख्यतः स्टीममुळे. २००३ मध्ये सुरू झालेलं हे ऑनलाइन दुकान नोव्हेंबर २०१५ पासून भारतात रुपयांत भाव दाखवू लागलं, आणि आमच्यासारख्यांनी कॉपी केलेल्या सीड्या टाकून पहिल्यांदा पैसे मोजून गेम घेतले. मला त्या बदलाचा आजही आनंद वाटतो. सेलमध्ये गेम अडीचशे-तीनशेला मिळायचा, तर प्लेस्टेशन फाइव्हच्या नव्या मोठ्या गेमची किंमत भारतात ४,९९९ पर्यंत गेली. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' ऑगस्ट २०२० मध्ये आधी निंटेंडो स्विचवर आला. हा कन्सोल भारतात अधिकृतपणे विकलाच जात नव्हता! पुण्यात घडलेला गेम पुण्यात सहज खेळता यावा म्हणून ऑक्टोबरची, पीसीच्या आवृत्तीची वाट पाहावी लागली. याच सुमारास कन्सोलवाल्या कंपन्या स्वतःच पीसीच्या दारात आल्या. सोनीने चार वर्षं जपून ठेवलेला 'गॉड ऑफ वॉर' जानेवारी २०२२ मध्ये पीसीवर आणला. मार्च २०२५ मध्ये स्टीमवर एकाच वेळी ४ कोटींहून अधिक लोक हजर होते.

एवढं सगळं भाचीला पटवून सांगायची माझी तयारी होती. पण खर्चाचा हिशेब मांडायला बसलो आणि अडखळलो. २०२१ मध्ये प्लेस्टेशन फाइव्ह भारतात ४९,९९० रुपयांना आला, तेव्हा क्रिप्टोवाल्यांच्या खरेदीमुळे आणि चिपटंचाईमुळे नुसतं मधल्या दर्जाचं ग्राफिक्स कार्ड तेवढ्याला पडत होतं. ते भाव पुढे उतरले, तरी गेमिंगचा पूर्ण पीसी आजही कन्सोलहून महाग बसतो. वर अभ्यासाची ती जुनी सबब आता लॅपटॉप आणि मोबाइलने काढून घेतली आहे.

मी ताईला फोन केला. म्हटलं, तूच सांग, तुमच्या घरी काय बरं पडेल? ती थोडं थांबून म्हणाली, "टीव्हीवरचं घेऊ या. मला पण बघता येईल."

बघता येईल. हा शब्द मला लागला. आमच्या कॉम्प्युटरपुढे दोन खुर्च्या होत्या. एक माझी, दुसरी धाकट्या भावाची. एकाच कीबोर्डवर तो गाडी हाकायचा आणि मी माउस धरायचो. ताई आमच्याहून मोठी. बाबांचा टायपिंगचा सराव तिने करून घेतला, शाळेचे कागद तिने टाइप केले, आणि आमचा गेम सुरू झाला की ती खुर्च्यांच्या पाठीवर हात ठेवून मागे उभी राहायची. चांगलं चाललं की आमच्यापेक्षा मोठ्याने ओरडायची. "ताई, तू खेळतेस का?" हे इतक्या वर्षांत मी एकदाही विचारलं नाही. पीसी मोकळा असतो, कोणालाही उघडता येतो, असं मी इतकी वर्षं सांगत आलो. आमचा पीसी तिच्यासाठी मोकळा नव्हता.

भाचीने प्लेस्टेशन घेतला. दुसरा कंट्रोलर मी पाठवला, आणि सोबत 'इट टेक्स टू'. २०२१ चा हा गेम दोघांशिवाय सुरूच होत नाही. एकाने उडी मारायची तर दुसऱ्याने दार धरून ठेवायचं, अशी त्याची बांधणी आहे. पीसीवरही तो मिळतो, पण त्यांच्या हॉलमध्ये सोफा आहे.

परवा रात्री साडेदहाला ताईला फोन लावला. भाचीने उचलला.

"मामा, आई नंतर करेल. तिचे दोन्ही हात गुंतलेत."

मागून ताई ओरडत होती, "अगं ठेव तो फोन, मी पडतेय खाली!"